घरच्या स्विमिंग पूलच्या टाइल्सचं रिपेअरिंग, मखमलाबाद (नाशिक) : एकदा फसलं, दुसऱ्यांदा नीट झालं

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या कंपनीचा नाही. सिन्नरकडच्या दोन भावांचा आहे, दोघं टाइलचे मिस्त्री, दुकान नाही, बोर्ड नाही, नेटवर शोधलं तर सापडणार नाहीत, आणि त्यांना न विचारता नाव-नंबर असा उघड्यावर टाकणं मला बरं वाटत नाही. पण काम कसं केलं ते सविस्तर लिहिते, कारण यातल्या निम्म्या गोष्टी आम्हाला आधी कोणी सांगितल्या असत्या तर २८ हजार वाचले असते आणि अण्णांचा पाय कापला नसता.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ७४, दोन्ही गुडघे झिजलेले, त्यात शुगर. ऑपरेशन टाळायचं असेल तर पाण्यात चाला असं डॉक्टरांनी सांगितलं, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की गुडघ्यावर अंगाचं साधारण निम्मंच वजन येतं म्हणे, आणि खरंच फरक पडतो, जमिनीवर दहा पावलं टाकताना भिंत धरणारा माणूस पाण्यात वीस मिनिटं चालतो. त्यासाठीच २०१९ ला घर बांधताना मागे छोटा पूल करून घेतला. २४ बाय १२ फूट, एका टोकाला साडेतीन फूट खोल, दुसऱ्या टोकाला साडेचार. आतून निळी ग्लास मोझॅक, ते पाऊण इंची काचेचे चौकोनी तुकडे असतात ना, फूटभर शीटमध्ये येतात, ते.

तीन-चार वर्षं काही झालं नाही. मग पायऱ्यांजवळचे तुकडे निघायला लागले, एक-दोन, मग एकदम मुठीएवढे. आणि पाण्याची पातळी जिथे येते तिथल्या पट्ट्यात, पश्चिमेच्या भिंतीला, सगळ्यात जास्त. काच आहे हो ती, शेजारचा तुकडा निघाला की उरलेल्याची कड ब्लेडसारखी उघडी पडते.

पहिल्यांदा ज्याला बोलावलं तो कॉन्ट्रॅक्टर शहरातलाच, नाव घेत नाही. नोव्हेंबर २०२३ ची गोष्ट. दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला दोन दिवसांचं काम आहे. आमच्या बोअरचं पाणी जड आहे त्यामुळे पाण्याच्या रेषेवर क्षारांचा पांढरा थर बसलेला, तो काढायला त्याने अख्खा पूल अ‍ॅसिडने धुतला, म्हणजे बाथरूम साफ करायचं जे अ‍ॅसिड मिळतं ते कॅनच्या कॅन ओतलं, मग निघालेल्या जागी साध्या राखाडी सिमेंटमध्ये नवे तुकडे दाबले आणि सांधे व्हाइट सिमेंटने भरले. चौथ्या दिवशी पाणी. चमकत होतं सगळं, मलाच आवडलं होतं. फक्त नवीन तुकडे जरा काळपट दिसत होते, मला वाटलं लॉट वेगळा असेल. जाता जाता पाण्यासाठी एक मुलगाही लावून दिला, तो दर आठवड्याला येऊन क्लोरीनच्या गोळ्या टाकून जायचा.

मे २०२४ मध्ये म्हणजे सहा महिन्यांत, ते सगळे तुकडे तर निघालेच पण जिथे हातही लावला नव्हता तिथलेही निघायला लागले. आणि एके दिवशी सकाळी अण्णा पाण्यातून बाहेर आले तर पायरीवर रक्त. डाव्या पायाचा अंगठा खालून कापलेला, त्यांना कळलंही नव्हतं कारण शुगरमुळे तळपायाला संवेदना कमी आहे. जखम भरायला साडेतीन आठवडे लागले, रोज ड्रेसिंग, ते साडेतीन आठवडे घरात जी भीती होती ती ज्यांच्या घरात शुगरचा पेशंट आहे त्यांना सांगायला नको. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर म्हणाला तुमच्या पाण्याचा प्रॉब्लेम आहे, कामाची गॅरंटी नसते. पूल बंद. अण्णा परत खुर्चीत.

जुलैमध्ये नवऱ्याच्या एका मित्राने या दोन भावांचं नाव सांगितलं, त्याच्या ओळखीच्या रिसॉर्टवर त्यांनी काम केलं होतं. फोनवर मोठा भाऊ म्हणाला, "ताई, निघालेले तुकडे टाकून दिलेत का?" मी टाकले नव्हते, श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात सगळे साठवून ठेवले होते, का ते माहीत नाही, परत लावता येतील असं वाटलं असेल. म्हणाला तो डबा सांभाळा, आम्ही येतो.

ऑगस्टमध्ये आले. आणि इथून पुढचं मला आवर्जून लिहायचं होतं. पूलकडे न जाता आधी ओट्यावर पेपर पसरला, डबा त्यावर उपडा केला आणि दोघं बसून एकेक तुकडा उलटा करून बघायला लागले. अर्धा तास. दोन ढीग केले. एका ढिगातल्या तुकड्यांची पाठ स्वच्छ, नुसती काच, कुठे कुठे जाळीचे धागे. दुसऱ्या ढिगातल्या तुकड्यांच्या पाठीला अ‍ॅडेसिव्ह घट्ट चिकटलेलं आणि त्याच्यामागे प्लास्टरची वाळूसुद्धा आलेली. मग मोठ्या भावाने मला बोलावून दाखवलं.

पहिला ढीग पायऱ्यांचा आणि तळाचा. मोझॅकच्या शीट दोन प्रकारच्या येतात, एकात तुकडे मागून जाळीवर चिकटवलेले असतात, दुसऱ्यात पुढच्या बाजूने कागद लावलेला असतो. आमच्याकडे बांधताना जाळीवाली लावली होती. त्या जाळीचा गोंद कायम पाण्यात राहिला की मऊ पडतो, आणि काचेच्या पाठीचा बराच भाग जाळीने आणि गोंदाने झाकलेला असल्यामुळे अ‍ॅडेसिव्ह मुळात काचेला धरतच नाही, जाळीला धरतं. कागदवाल्या शीटमध्ये काचेची अख्खी पाठ अ‍ॅडेसिव्हमध्ये बसते, नंतर कागद ओला करून सोलून काढायचा. बाथरूमच्या भिंतीला जाळीवाली चालून जाते, पूलमध्ये नाही. सगळ्याच जाळ्या वाईट असतात असं नाही म्हणाला तो, पूलसाठी म्हणून वेगळ्या येतात, पण आमची ती नव्हती.

दुसरा ढीग पश्चिमेच्या भिंतीचा. तिथे चिकटपणा चांगला होता, टाइल प्लास्टर घेऊन सुटलीय म्हणजे कोणीतरी ढकललीय. मग आम्हाला घेऊन पूलच्या कडेला गेला आणि कोपिंग दाखवलं, म्हणजे कडेचे गोल केलेले दगड. त्याच्या बाहेर आमचा डेक, म्हणजे पूलभोवतीची फरशी आहे, कोटा दगडाची, पश्चिमेला १४ फूट रुंद, झाड नाही सावली नाही. कोपिंग आणि डेकच्या मधला सांधा पक्का सिमेंटने भरलेला. "एप्रिल-मेमध्ये दुपारी यावर पाय ठेवता येतो का ताई?" नाही येत. दगड तापतो, फुगतो, त्याला जायला जागा लागते, बाहेरच्या बाजूला कंपाउंडची भिंत आहे मग तो आत कोपिंगला रेटतो, आणि कोपिंगच्या लगेच खाली कोण, तर पाण्याच्या रेषेची टाइल. आत पाणी गार, वर दगड तापलेला, रोज दुपारी रेटा आणि रोज रात्री ढील. आमच्याकडे तर उन्हाळ्यात ४० च्या आसपास जातं आणि थंडीत रात्री १० च्या खाली, एवढा फरक.

मला एकदम लख्ख झालं की तुकडे पश्चिमेच्याच भिंतीला का जास्त निघतात. एवढी वर्षं रोज बघत होतो आम्ही.

मग तिसरी गोष्ट, सांधे. नखाने उकरलं तर पीठ निघत होतं. त्याच्याकडे पाणी तपासायच्या पट्ट्या होत्या, पीएच, म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, आला ६.८ च्या आसपास, आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट. पूलचं पाणी ७.२ ते ७.८ मध्ये असावं लागतं. त्या ज्या गोळ्या मुलगा टाकून जायचा त्या टीसीसीए नावाच्या क्लोरीनच्या रसायनाच्या, क्लोरीन चांगलं देतात पण स्वतः आंबट असतात, पीएच खाली ओढत राहतात, आणि तो मुलगा एकदाही पीएच बघायचा नाही. आंबट पाणी सिमेंटमधला चुना खातं. त्याच्या आधी अ‍ॅसिडने धुतलेलं, म्हणजे उरलेसुरले चांगले सांधेही तेव्हाच पोखरले गेले. ज्या टाइल्सना काही झालं नव्हतं त्या नंतर का निघाल्या याचं उत्तर हे. आणि नवीन तुकडे काळपट का दिसत होते, तर काच अर्धी पारदर्शक असते, मागचं राखाडी सिमेंट दिसतं. ग्लास मोझॅकला पांढरंच अ‍ॅडेसिव्ह लागतं.

मी म्हटलं ठीक आहे मग कधी सुरू करताय. तर म्हणाला आत्ता नाही. संक्रांतीनंतर.

मला राग आला खरं सांगते. तीन महिने पूल बंद, अण्णांचं वजन वाढलेलं, आणि हा माणूस पाच महिन्यांनी येतो म्हणतोय. त्याने वाद घातला नाही, शेजारच्या काकांच्या द्राक्षबागेतली विहीर दाखवायला नेलं. ऑगस्टचा शेवट, पाणी जमिनीपासून जेमतेम सहा फुटांवर. आमच्या पूलचा तळ जमिनीखाली पाच फूट. अजून एक मोठा पाऊस झाला की खालचं पाणी तळाला टेकणार. भरलेल्या पूलमध्ये आतलं पाणी वरून दाबून ठेवतं, रिकामा केला की खालचं पाणी अख्खं भांडं होडीसारखं उचलू शकतं, नाही उचललं तरी तळाला तडा जाऊ शकतो. काही पूलमध्ये तळाला त्यासाठी व्हॉल्व्ह बसवलेला असतो, खालचं पाणी आत घेऊन दाब सोडणारा, आमच्याकडे नाही. आणि इकडे काळी माती, पावसात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, ते आणखी वेगळं. भर उन्हाळ्यातही रिकामा करायचा नाही म्हणाला, कोरड्या तापलेल्या टाइल्स ताडताड उडतात. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी.

हातात आलेलं काम पाच महिने पुढे ढकलणारा मिस्त्री मी पहिल्यांदा बघितला. पहिला कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन हजर होता.

पण अण्णांना पाच महिने बसवून ठेवलं नाही. त्याच दिवशी पाण्याखाली लावायचं इपॉक्सी आणलं, दोन भाग कणकेसारखे एकत्र मळायचे आणि पाण्याखालीच जागेवर दाबायचं, पाण्यातच घट्ट होतं. धाकट्या भावाने पाण्यात उतरून पायऱ्यांवरच्या आणि चालायच्या वाटेवरच्या सगळ्या उघड्या कडा इपॉक्सीने बुजवल्या, बोटाने गुळगुळीत करून. दिसायला भयंकर दिसत होतं, निळ्यावर पांढरे धब्बे. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पूर्ण वाट तळहाताने चाचपली. तिसऱ्या दिवसापासून अण्णा पाण्यातले बूट घालून चालायला लागले. या कामाचे आणि मटेरियलचे मिळून १९०० रुपये घेतले. एक-दोन तुकडे निघाले असतील आणि पूल रिकामा करायचा नसेल तर हा उपाय चांगला आहे, पण तात्पुरता, हे त्याने तीनदा सांगितलं.

मधल्या काळात आमच्याकडे दोन कामं होती. एक म्हणजे बादलीची टेस्ट, पाणी गळतंय का बघायला. पायरीवर बादली ठेवायची, बादलीत पाणी पूलच्या पातळीएवढंच भरायचं, दोन्हीकडे पेन्सिलने खूण, पंप बंद, २४ तास थांबायचं. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ते बाष्पीभवन, पूल जास्त उतरला तर गळती. डिसेंबरमध्ये आम्ही दोनदा केली, बादली ४ मिमी, पूल ४ ते ५. म्हणजे भांडं शाबूत आहे. नाहीतर वॉटरप्रूफिंग सगळं उकरायला लागलं असतं, ते लाखाच्या घरात जातं.

दुसरं काम टाइल शोधायचं, आणि ते मला फार जड गेलं. आमचा जुना ब्लेंड, तीन निळ्या रंगांचा, कंपनीने बंद केलेला. नाशिकमधली द्वारका, मुंबई नाका, सगळी शोरूम पालथी घातली, गुजरातमधल्या मोरबीहून मागवून देतो म्हणणारे दोघं भेटले पण पूर्ण बॉक्स घ्यायला लागणार होते आणि रंगाची खात्री नाही. शेवटी मोठ्या भावानेच तोडगा काढला. पाण्याच्या रेषेचा अख्खा पट्टा चारही बाजूंनी गडद निळ्या नवीन मोझॅकचा करायचा, म्हणजे तो मुद्दाम केलेल्या बॉर्डरसारखा दिसेल, आणि त्या पट्ट्यातून निघणारे जुने चांगले तुकडे साफ करून तळाला आणि पायऱ्यांना वापरायचे. जुळणी शोधायलाच नको. पायऱ्यांच्या कडांना मात्र पांढरा पट्टा घालून घ्या असं मी सांगितलं, अण्णांना मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही पाण्याखाली पायरी कुठे संपते ते दिसत नाही. तो म्हणाला हे चांगलं सुचवलंत, आता प्रत्येक ठिकाणी सांगेन.

जानेवारी २०२५, संक्रांत झाली आणि आले. विहिरीचं पाणी आधी बघितलं, २० फुटांच्या खाली गेलेलं. मग पूल रिकामा. साधारण साडेबत्तीस हजार लिटर पाणी, ते कुठे सोडायचं हा प्रश्न आम्ही आधीच सोडवला होता. आठ दिवस क्लोरीन बंद, उघडं ठेवलं उन्हात, पट्टीवर क्लोरीन शून्य दिसल्यावर दोन दिवसांत थोडं थोडं करून कुंपणाचा बांबू, नारळ आणि लॉनला. द्राक्षाला नको म्हणाले काका, माल भरात होता आणि क्षाराचं पाणी द्राक्षाला सोसत नाही, बरोबरच आहे. मागच्या नाल्यात सोडा म्हणणारेही भेटले, पण तो नाला पुढे गोदावरीला जातो, ते मनाला पटलं नाही.

रिकाम्या पूलमध्ये मग ठोकून बघणं. एका लाकडी दांड्याने इंच इंच. जिथे भरीव तिथे टक् टक्, जिथे पोकळ तिथे बद् बद्, तिथे खडूने गोल. अख्खा दिवस दोघं तेवढंच करत होते. संध्याकाळी मी बघितलं तर पडलेली जागा जेमतेम ११ चौरस फूट आणि खडूने गोल केलेली जागा आणखी ३१. डोळ्याला एकदम चांगली दिसणारी. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने फक्त पडलेल्या जागा भरल्या होत्या, ही ३१ फूट तशीच सोडून.

काम एकूण १३ दिवस चाललं. सगळं लिहीत नाही, जे बघण्यासारखं होतं तेवढं सांगते. उकरताना सांधे आधी ग्राइंडरने कापून घेतले म्हणजे हादरा शेजारच्या चांगल्या टाइलला जात नाही, मग पातळ छिन्नीने मधून कडेकडे. खालचं जुनं अ‍ॅडेसिव्ह खरवडून पार प्लास्टरपर्यंत, जिथे प्लास्टर आलं तिथे पॉलिमर घालून नवीन, त्यावर दोन भागांचं वॉटरप्रूफ कोटिंग दोन हात, एक आडवा एक उभा. अ‍ॅडेसिव्ह पांढरं, पिशवीवर आयएस १५४७७, म्हणजे टाइल चिकटवायच्या मालाचं भारतीय मानक, लिहिलेलं मला दाखवलं आणि ग्लास मोझॅक आणि कायम पाण्याखाली दोन्हीला चालतं असं छापलेलं आहे का तेही वाचायला लावलं. दातेरी थापीने ओढून मग उलट्या बाजूने सपाट करायचं, मोझॅकखाली रेघा राहिल्या तर त्या पोकळीत पाणी साचतं. पहिली शीट लावून लगेच परत उचलून बघितली, मागे पूर्ण बसलंय का. बसलं होतं, तरी अजून दोन ठिकाणी उचलून बघितलं.

सांध्यांना इपॉक्सी ग्राउट, ग्राउट म्हणजे सांध्यांत भरायचा माल. सिमेंटच्या ग्राउटपेक्षा बरंच महाग आणि लावायला फार त्रासाचं, रेझिन हार्डनर आणि बारीक वाळूसारखी पावडर मिसळली की घड्याळ सुरू, पाऊण तासात संपवायला लागतं आणि घट्ट व्हायच्या आत ओल्या स्पंजने पुसून घ्यायला लागतं, नाहीतर काचेवर थर बसतो. थंडीत उलटं, घट्टच होत नाही, म्हणून सकाळी ११ च्या आधी हात लावायचे नाहीत, त्या आठवड्यात आमच्याकडे कडाक्याची थंडी होती आणि हे दोघं नऊला येऊन शेकोटीपाशी बसायचे. पण अ‍ॅसिड आणि क्लोरीन त्याला काही करत नाही. अख्ख्या पूलला करायचं तर खर्च फार होता म्हणून बॉर्डर, पायऱ्या आणि दुरुस्त केलेल्या जागांना इपॉक्सी, बाकीच्या भागात जिथे सांधे झिजलेत तिथे पूलसाठीचं पॉलिमर सिमेंटचं. हे त्याने स्वतःहून सुचवलं, सगळीकडे इपॉक्सी म्हटलं असतं तर आम्ही हो म्हटलं असतं.

आणि कोपिंग-डेकचा सांधा. चारही बाजूंनी सिमेंट कापून काढलं, १० मिमी रुंद फट, आत फोमची गोल दोरी सरकवली आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट. दोरी कशाला, तर सीलंट फक्त दोन्ही बाजूंना चिकटलं पाहिजे, तळाला नाही, तरच ते रबरासारखं ताणलं-दबलं जातं. ७२ फूट धावता सांधा, एक दिवसाचं काम. बांधतानाच हे केलं असतं तर पश्चिमेची भिंत वाचली असती.

पूर्ण काम झाल्यावर १४ दिवस पाणी नाही. वर हिरवी शेडनेट बांधून ठेवली, ऊन थेट नको म्हणून. अण्णा रोज सकाळी येऊन कडेला उभे राहायचे आणि "अजून किती" विचारायचे. भरताना पण घाई नाही, दिवसाला दोन फुटांच्या वर चढवायचं नाही, वजन हळूहळू येऊ द्यायचं, म्हणजे आम्हाला दोन दिवसांच्या वर लागले.

आता खर्च. मटेरियल मजुरी धरून ६३ हजार. आधी ५४ सांगितले होते, पोकळ जागा जास्त निघाल्यावर ९ वाढले, पण उकरायच्या आधी खडूचे गोल दाखवून सांगितलं, नंतर नाही. टाइल आम्ही आणली त्याचे वेगळे. पाण्याचं बोअर असल्याने टँकर लागला नाही.

जे आवडलं नाही तेही लिहिते. मध्येच दोन दिवस दोघं गायब, फोन बंद, गावाकडे लग्न होतं ते आल्यावर कळलं. आदल्या दिवशी एक फोन केला असता तर काही बिघडलं नसतं, आम्ही काळजीत होतो की हाही सोडून गेला की काय. ग्राइंडरची धूळ अख्ख्या घरात, प्लास्टिक बांधा म्हणून मला सांगावं लागलं. उत्तरेच्या भिंतीला साधारण तीन फूट पट्ट्यावर इपॉक्सीचा धुरकट थर राहिलाय, पुसायला उशीर झाला तिथे, क्लीनरने दोनदा घासला तरी पूर्ण गेला नाही, उन्हात तिरकं बघितलं की दिसतो. त्याचे मी हजार रुपये कमी केले, त्याने कुरकुर केली नाही. म्हणून पाचपैकी साडेचार.

पाण्याचं आता आम्हीच बघतो. तो मुलगा बंद केला, त्याची चूक नव्हती, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. आठवड्यातून दोनदा पट्टी, पीएच ७.४ ते ७.६ ठेवते, क्लोरीन १ ते ३ पीपीएम. पीएच खाली गेला की वॉशिंग सोडा, आधी बादलीत विरघळवून मग पंप चालू असताना. पांढरी रेष येते तिथे दर रविवारी मऊ स्पंज आणि खायचा सोडा, अ‍ॅसिडचा कॅन घरात ठेवलेलाच नाही.

मे महिना गेला, पश्चिमेची भिंत रोज दुपारी हाताने चाचपत होते. पावसाळा गेला, विहीर काठोकाठ भरलेली असताना पूल भरलेलाच ठेवला. दिवाळीत मुलाने मास्क लावून तळ अख्खा बघितला आणि बाहेर येऊन म्हणाला आई एकही नाही. श्रीखंडाचा डबा अजून ओट्यावर आहे, त्यात बॉर्डरचे उरलेले १५-२० नवे तुकडे ठेवलेत.

मोठ्या भावाने सांगून ठेवलंय की सीलंट एका वर्षाने बघायचं, कुठे कडेपासून सुटलंय का. संक्रांतीनंतर येतो म्हणालाय.